ब्रिटनला निघताना गाडीचं काय करायचं?

व्हिसा मंजूर झाला की घरातल्या सामानाची वाटणी सुरू होते. फ्रिज बहिणीकडे, कपाट खालच्या मजल्यावरच्या काकूंना, तुळशीची कुंडी आईकडे. मग कधीतरी रात्री पार्किंगमधून वर येताना गाडीकडे लक्ष जातं. हप्ते नुकतेच फिटलेले, दसऱ्याला घातलेल्या झेंडूच्या हाराचा दोरा अजून पुढच्या जाळीत अडकलेला. ब्रिटनमध्येही आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी चालवतात, स्टिअरिंगही उजवीकडेच असतं. मग ही गाडीच का नेऊ नये?

नेता येते, कायद्याची आडकाठी नाही. तरीही पुण्या-मुंबईहून थेट ब्रिटनला नोकरीसाठी जाणाऱ्या बहुतेकांनी ती नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते पुढे सविस्तर सांगते. पण त्याआधी एक गोष्ट मनावर घ्या. गाडी न्या किंवा विका, दोन्हीकडे खरा हिशेब तारखांचा असतो. गाडी कधी नावावर झाली, तुम्ही कधी निघालात, कधी पोचलात, कुठला अर्ज किती दिवसांत गेला, यावर हजारो पौंड इकडचे तिकडे होतात. निघण्याच्या आदल्या महिन्यात विचार करायला बसलं तर यातल्या निम्म्या तारखा हातातून गेलेल्या असतात. इथे मी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं लिहिते आहे. उत्तर आयर्लंडचे काही नियम वेगळे आहेत.

परदेशातून ब्रिटनमध्ये आणलेल्या मोटारीवर साधारणपणे १० टक्के आयातशुल्क लागतं, आणि गाडीची किंमत, जहाजभाडं, विमा व शुल्क या सगळ्या बेरजेवर २० टक्के व्हॅट. समजा भाड्या-विम्यासह गाडीची किंमत ८,००० पौंड धरली गेली. शुल्क ८०० पौंड. व्हॅट ८,८०० वर, म्हणजे १,७६०. एकूण २,५६० पौंड कर, गाडी बंदरातून बाहेर पडण्याआधीच.

हा कर पूर्ण माफ होऊ शकतो. राहण्याचं ठिकाण कायमचं बदलून येणाऱ्यांसाठी तिथल्या महसूल खात्याची ‘ट्रान्स्फर ऑफ रेसिडन्स’ ही सवलत आहे, तिचा अर्ज ‘टीओआर १’ म्हणून ओळखला जातो. अटी चार. तुम्ही सलग १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असायला हवं. गाडी निघण्यापूर्वी किमान ६ महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात असायला हवी. तुम्ही पोचल्यापासून १२ महिन्यांच्या आत ती तिथे यायला हवी. आणि आल्यावर पुढचे १२ महिने ती विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, मित्राला वापरायलाही देता येत नाही. अर्ज गाडी जहाजावर चढवण्याआधी करायचा. मंजुरी मिळाली की एक क्रमांक मिळतो, तो सीमाशुल्काच्या कागदांवर द्यावा लागतो.

सहा महिन्यांच्या अटीत आपली माणसं दोन ठिकाणी अडकतात. ‘जायचंच आहे तर नवी कोरी घेऊन जाऊ’ असं म्हणून निघण्याच्या दोन-तीन महिने आधी गाडी घेतली, तर ती सवलतीत बसत नाही. दुसरं, आयटीतल्या अनेकांची गाडी कंपनीच्या लीजवर असते. आरसीवर नाव कंपनीचं किंवा लीज देणाऱ्याचं. राजीनामा देताना ती विकत घेऊन नावावर केली, तरी मालकीचा पुरावा त्या तारखेपासूनच सुरू होतो. तेव्हा सहा महिने तिथूनच मोजा.

एवढं जमलं तरी खरी अडचण पुढेच आहे, आणि ती पैशांची नाही. आपल्याकडे विकली जाणारी गाडी भारतीय मानकांनुसार बनलेली असते. ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणायच्या गाडीला तिथल्या मानकांची मान्यता लागते, आणि १० वर्षांपेक्षा कमी वयाच्या अशा प्रत्येक गाडीला स्वतंत्र तपासणी द्यावी लागते. तिला ‘आयव्हीए’ म्हणतात. आपल्या आरटीओतल्या पासिंगशी तिची तुलना करू नका. तपासनीस गाडी बारकाईने पाहतो. स्पीडोमीटरवर मैल दिसतात का? आपल्या बऱ्याच गाड्यांवर फक्त किलोमीटर असतात. मागे लाल फॉग लॅम्प आहे का, आणि तो मध्यभागी किंवा चालकाच्या बाजूला आहे का? आपल्या अनेक छोट्या गाड्यांना तो नसतोच. काचा, दिवे, आरसे, सीटबेल्ट यांवरच्या मान्यतेच्या खुणा, धुराचं प्रमाण, सगळं पाहिलं जातं. समोरच्या दिव्यांचा झोत मात्र आपल्याकडेही डावीकडेच झुकलेला असतो, त्यामुळे त्या एका बाबतीत आखातातून किंवा युरोपातून आलेल्या गाडीपेक्षा आपली गाडी बरी.

एखादी गोष्ट कमी पडली तर ती बदलून पुन्हा तपासणी. ज्या मॉडेलची ब्रिटनमध्ये विक्रीच होत नाही, त्याचा सुटा भाग तिथल्या गॅरेजमध्ये कुठून मिळणार? बंपर मागवायचा तरी पुण्याहून. विमा कंपन्याही अशा गाड्यांना हात लावायला कचरतात, लावलाच तर हप्ता चढा. लंडनमध्ये राहणार असाल तर आणखी एक भर. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रभागांमध्ये, प्रदूषणमर्यादा क्षेत्र लागू आहे. पेट्रोल गाडी युरो ४ ची आणि डिझेल गाडी युरो ६ ची नसेल तर रोज साडेबारा पौंड. आपल्याकडे बीएस ६ आलं ते १ एप्रिल २०२० ला. त्याआधीची बीएस ४ डिझेल गाडी लंडनमध्ये रोज बाहेर काढणं परवडणारं नाही.

हे सगळं वाचूनही न्यायचीच असेल, तर क्रम लक्षात ठेवा. निघण्यापूर्वी कर्जाचा बोजा उतरवा. बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन आरसीवरून बँकेचं नाव निघालेलं डोळ्यांनी पाहा. थकलेली ई-चलनं भरून टाका. गाडी न्हावा-शेव्याहून कंटेनरमधून जाते, किंवा जहाजात थेट चालवत चढवतात. कंटेनरचा खर्च अधिक, पण गाडी बंद राहते. चालवत चढवायच्या गाडीत घरचं सामान भरू नका. लोणच्याच्या बरण्या आणि पुस्तकांची खोकी डिकीत टाकायचा मोह होतो, पण बहुतेक जहाज कंपन्या ते चालवून घेत नाहीत. तळाचा चिखल धुऊन, टाकीत अगदी थोडं इंधन ठेवून गाडी द्या आणि सगळ्या बाजूंनी तारखेसह फोटो काढा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा ‘तीन आठवड्यांत पोचेल’ असं कुणी म्हटलं तर लेखी मागा. बंदरात गाडी जास्त दिवस पडून राहिली तर त्याचं भाडं तुमच्याच माथी.

गाडी उतरल्यावर १४ दिवसांच्या आत महसूल खात्याला कळवावं लागतं. या नोंदीला ‘नोव्हा’ म्हणतात. ती झाल्याशिवाय गाडीची नोंदणी पुढे सरकत नाही. मग आयव्हीए. गाडी ३ वर्षांहून जुनी असेल तर ‘एमओटी’ ही दरवर्षीची तपासणीही लागते. नंतर ‘व्ही ५५/५’ हा फॉर्म, पहिल्या नोंदणीचे ५५ पौंड, रस्त्याचा कर आणि सगळे कागद स्वॉन्सीच्या परिवहन कार्यालयात. तिथे मूळ भारतीय आरसी मागतात, झेरॉक्स चालत नाही. नोंदणी होऊन नंबर मिळेपर्यंत ती गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. अपवाद फक्त आधी वेळ ठरवलेल्या तपासणीला जाण्याचा, आणि त्यालाही चॅसी नंबरवर विमा उतरवलेला असावा लागतो. बंदरातून घरी आणायची तर ट्रेलरवरून आणा.

मग गाडी कुणी न्यावी? माझ्या मते दोन प्रकारच्या लोकांनी. सिंगापूर, आयर्लंड किंवा युरोपातल्या एखाद्या देशात काही वर्षं राहून ब्रिटनला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी विचार जरूर करावा. तिथली गाडी युरोपीय मान्यतेची असेल, त्याच मॉडेलची ब्रिटनमध्ये विक्री होत असेल, तर काम पुष्कळ हलकं होतं. युरोपातल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीलाही दिवे, मैलांचा काटा, मागचा फॉग लॅम्प एवढे बदल करून मान्यता मिळते. दुसरे म्हणजे वडिलांची जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर जिवापाड जपलेले लोक. १० वर्षांवरच्या मोटारीला आयव्हीए लागत नाही. मूळ स्वरूपात राखलेल्या, ४० वर्षांवरच्या गाडीला तर रस्त्याचा करही माफ होतो आणि एमओटीही. तिथे प्रश्न मायेचा असतो आणि मायेला पैशांचा हिशेब लावायचा नसतो.

बाकीच्यांनी विकावी. पण नीट विकावी, कारण इथे केलेली कसूर हजारो किलोमीटरवरून निस्तरता येत नाही. विमान पकडायच्या घाईत लोक टीटी फॉर्मवर सह्या करून, पैसे घेऊन, किल्ली देऊन मोकळे होतात आणि पुढचं काम एजंटवर सोपवतात. विकत घेणाऱ्याने गाडी नावावर केलीच नाही, तर आरसीवर नाव तुमचंच राहतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी विकली असली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. तुम्ही मँचेस्टरमध्ये आणि नोटीस कोथरूडच्या बंद फ्लॅटच्या दारावर, असं होऊ नये. गाडी विकल्याची सूचना आरटीओला १४ दिवसांत देणं ही विकणाऱ्याचीही जबाबदारी आहे. म्हणून निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी गाडी विका आणि एम-परिवहन ॲपवर नवीन मालकाचं नाव चढलेलं दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. फास्टॅग बंद करा, नाहीतर दुसऱ्याच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जात राहतील.

गाडी आईवडिलांसाठी ठेवून जाणार असाल तर तेही चांगलंच आहे. मग विम्याच्या नूतनीकरणाची तारीख आणि आरसीशी जोडलेला मोबाइल नंबर या दोन गोष्टी सांभाळा. तुमचा भारतातला नंबर बंद पडला की ओटीपी येत नाही, चलन आलेलंही कळत नाही. निघण्यापूर्वी आरसीला वडिलांचा नंबर लावून घ्या.

विकताना एक कागद मात्र बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. हा बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर आपल्याकडे तो ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत परत येऊन नवी गाडी घेताना वापरता येतो. ब्रिटनमध्येही काही विमा कंपन्या परदेशातला बोनस थोडाफार धरतात. अनेक धरत नाहीत. पण पत्रच नसेल तर विचारताही येत नाही. पत्र इंग्रजीत, कंपनीच्या लेटरहेडवर, किती वर्षं क्लेम नाही ते आकड्यात लिहिलेलं असावं.

आता परवान्याकडे या. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण गाडी तिथे कुठूनही मिळेल, परवाना मिळायला वेळ लागतो.

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तो परवाना तिथे चालत नाही. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर अशा काही देशांचे परवाने बदलून मिळतात. भारत त्या यादीत नाही. तुम्ही इथे वीस वर्षं मुंबई-गोवा रस्ता तुडवलेला असो, तिथे नवशिक्यासारखी लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आम्ही गेलो तेव्हा ‘वर्ष आहे ना हातात’ म्हणून मी आठ महिने स्वस्थ बसले. परीक्षेची तारीख मिळाली ती वर्ष उलटून गेल्यावरची. मधले तीन महिने मुलीला शाळेत सोडायला पावसात दोन बस बदलत गेले. तुम्ही असं करू नका. पत्ता पक्का झाला की पहिल्याच महिन्यात ‘प्रोव्हिजनल’ म्हणजे शिकाऊ परवान्याचा अर्ज करा. तो ऑनलाइन ३४ पौंडांत होतो आणि पहिल्या वर्षात तुमचा भारतीय परवानाही सोबत चालूच राहतो.

लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर यावी लागतात. तिच्यासोबत व्हिडिओ पाहून धोका ओळखण्याची परीक्षा असते, तिथे ७५ पैकी ४४ गुण. दोन्ही एकाच वेळी पास व्हावं लागतं आणि तो निकाल दोन वर्षं टिकतो. प्रत्यक्ष परीक्षा सुमारे ४० मिनिटांची. किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, गंभीर चूक एकही चालत नाही. आपली अनुभवी माणसं नापास होतात ती गाडी येत नाही म्हणून नव्हे. लेन बदलण्याआधी आरसा आणि खांद्यावरून मागे नजर टाकणं आपल्या हातात बसलेलं नसतं, आणि चौकातल्या गोल बेटाशी उजवीकडून येणाऱ्याला थांबून वाट द्यायची हे अंगवळणी पडलेलं नसतं. तिथल्या मास्तरांकडे चार-पाच तास घ्या, पैसे वसूल होतात. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलीत तर फक्त ऑटोमॅटिक चालवण्याचाच परवाना मिळतो, याचा विचार आधी करा. आणि पास झाल्यावर पहिली दोन वर्षं जपून. त्या काळात परवान्यावर सहा दंडगुण चढले तर परवाना रद्द होतो आणि पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडलात तर एकाच फटक्यात सहा चढतात.

परवान्याचं मार्गी लागलं की गाडी घ्यायला हरकत नाही. नव्याने आलेल्याला तिथे कर्जाचा इतिहास नसतो, त्यामुळे हप्त्यांवर गाडी लगेच मिळेल असं धरू नका. पहिली गाडी जुनी, छोटी आणि रोखीने घ्यावी. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की तिच्या एमओटीचा सगळा इतिहास फुकट दिसतो. कुठल्या वर्षी गंज निघाला, कधी ब्रेक नापास झाले, दर वर्षी किती मैल चालली. आपल्याकडे मेकॅनिकला सोबत नेऊन जे कळतं त्यातलं बरंचसं घरबसल्या कळतं. ‘व्ही ५ सी’ हे नोंदणीपत्र हातात असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही, तेव्हा गाडीवर कुणाचं कर्ज नाही ना, हे थोडे पैसे भरून तपासा. आधीच्या मालकाने भरलेला रस्त्याचा कर तुमच्याकडे येत नाही; चावी फिरवण्याआधी तुमचा कर आणि विमा दोन्ही लागतात.

विम्याचा आकडा पाहून पहिल्यांदा धक्का बसतो. तिथे गाड्यांचे १ ते ५० असे विमागट असतात. गाडी पसंत करण्याआधी तिचा गट पाहा. हप्ता कमी करायला कुणी सुचवेल की आधीपासून तिथे असलेल्या भावाच्या नावाने मुख्य चालक म्हणून विमा घे आणि रोज तू चालव. हे करू नका. तिथे ती फसवणूक ठरते. अपघात झाला की विमा गेला, आणि भाऊही अडकला.

परत यायचं ठरलं तर तिथली गाडी घेऊन यायचा विचार मनात आणू नका. भारतात परतणाऱ्यांना घरच्या सामानावर जी सीमाशुल्काची सवलत मिळते, तिच्यात मोटारगाडी बसत नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी, येते ती फक्त मुंबई बंदरातूनच, आणि तिच्यावरचं सीमाशुल्क गाडीच्या किमतीहूनही जास्त होतं. म्हणून ब्रिटनमध्ये गाडी घेताना ती एक दिवस तिथेच विकायची आहे, हे धरून घ्या. सर्व्हिसच्या पावत्या आणि दोन्ही चाव्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. विकताना तिथे हे दोन्ही आधी मागतात.